जाळीचं दार

गुरुवारी संध्याकाळी सातला ओझेलचा फोन येतो.
आधी एक बाई बोलते, रेकॉर्ड केलेली,
नऊ वर्षांत जिला एकदाही सर्दी झाली नाही.
हा कॉल तुरुंगातून आहे. घ्यायचा तर एक दाबा.
मी एक दाबते.
त्या बटणावरचा आकडा केव्हाच पुसला गेलाय.

पंधरा मिनिटं.
पूर्वी आम्ही ती बोलण्यात घालवायचो.
वकील काय म्हणाला, अपील कुठे अडलं,
मामाची साखर, टेव्हियनचं गणित.
सकाळी माझ्या स्कूलबसमागे
एक हात कोटात, एक बाहेर, अशी पोरं धावतात,
तसे आमचे शब्द.
मग एकदा तोच म्हणाला,
अर्लीन, जरा गप्प राहा.
मागचं जाळीचं दार वाजव.

मला वाटलं, फिरलं याचं डोकं.
तरी गेले. दार ढकललं, दिलं सोडून.
स्प्रिंग कुरकुरली, मग धाड,
आणि तिच्या मागून बारकी एक टक,
चौकटीला दुसऱ्यांदा टेकते ती.
पलीकडे श्वाससुद्धा नाही.
मग म्हणाला, पुन्हा.
म्हणाला, इथली दारं एकदाच वाजतात.

तेव्हापासून फ्रिजवर यादी असते.
तेलात मांगूर पडतो तो आवाज: दीड डॉलर.
बायूपलीकडच्या ब्रूसारचा ट्रॅक्टर,
सुरू न होणारा: तीन डॉलर, पैसे वाया.
पावसानंतर चरातले बेडूक.
मामा खुर्चीत झोपली की ओठांतून निघते ती फूं.
यावर तो हसला होता. हसण्याचे वेगळे लावत नाहीत.

पत्रं आता पोचत नाहीत, पत्रांचे फोटो पोचतात.
दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा कंपनीत
कुणीतरी पाकीट फोडतं, कागद काचेवर ठेवतं,
आणि मग यंत्रात घालून त्याच्या शेवया करतं.
हे मामाला आम्ही सांगितलेलं नाही.
ती अजून दर रविवारी चर्चहून आली की
हाताला लव्हेंडरचं लोशन चोळते,
तळवा कागदावर दाबून धरते,
शंभरपर्यंत मोजते.
आला का रे वास, विचारते फोनवर.
आला ना मामा, तो म्हणतो. अख्ख्या बराकीला आला.
खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नाही,
कोर्टातही नाही. हे एवढं मात्र छान जमतं.

टेव्हियन फोनवर येत नाही.
चौदा वर्षांचा आहे, बापाएवढे खांदे.
सात वाजले की त्याला अंगणात काम निघतं.
मी ओढत नाही. एकदा ओढलं होतं,
तर पंधरातली अकरा मिनिटं
दोघं एकमेकांचा श्वास ऐकत राहिले
आणि नंतर पोरगं जेवलं नाही.

मार्चमध्ये दाराची स्प्रिंग तुटली.
टेव्हियनने स्वतःच्या पैशांनी नवा दांडा आणून बसवला,
तेलाचा. दार आता
मांजर सोफ्यावर बसावी तसं लागतं.
किती छान, मी म्हणाले. त्याच्या पाठीवर थापही दिली.
मग बुधवारी रात्री मला झोप लागली नाही.

गुरुवारी सात. ती बाई. एक.
आणि तो म्हणाला, दार.

काय सांगावं ते मी जुळवत होते
एवढ्यात मागून धाड,
आणि जरा वेळाने, टक.
वळून पाहिलं, तर टेव्हियन पायरीवर,
दांडा काढून बाजूला ठेवलेला,
मूठ हातात, नजर जमिनीकडे.

ओझेल बराच वेळ गप्प होता.
दुसरी उशिरा आली, म्हणाला.
स्प्रिंग नाहीये. हाताने कोणीतरी आपटलं.
मी म्हटलं, हो.
कोण, त्याने विचारलं नाही.
सांग त्याला, पहिली झाली की थांबायचं नाही, सैल सोडायचं.

फोन स्पीकरवर होता. सांगायला लागलं नाही.
धाड. टक.
आत्ता बरोबर, म्हणाला.
मग ती बाई मध्ये आली, एक मिनिट उरलंय.
त्यात कोणी काही बोललं नाही.
बेडूक होते. ब्रूसारचा ट्रॅक्टर, मेला, नेमका तेव्हा सुरू झाला.