भिंतीवरचं कोपर

जिंतूर रोडच्या फॅमिली गार्डनमध्ये
काजूकरी सांगून पाऊण तास झाला.
मुंजाजी वेटर जाता जाता म्हणाला,
"कामून तापायले साहेब? आलंच बगा."

आलं ते भलतंच.
पांढरी गाडी, रात्रीचा काळा चष्मा,
मालिकेतला तो दुष्ट दीर,
सराफाच्या दुकानाची फीत कापून भुकेजलेला.

मग काय!
तंदूरवाला पीठाचे हात घेऊन बाहेर,
आचाऱ्यानं घरून लेकरं बोलावली,
आणि विजयमालानं काढली ती लिपस्टिक
जी माझ्यासाठी तेरा वर्षांत निघाली नव्हती.

फोटो. अजून एक. आता उभा धरून एक.
त्याला काय हवं, कुणी विचारीना.
शेवटी दीर हळूच आमच्याकडं वाकला,
"हा पापड... तुम्ही खाताय का?"

अर्धा मोडून दिला.
कसा कडाकडा खाल्ला बिचाऱ्यानं!
(बिलात मात्र पापड आख्खा लागला.)

आता तिथं भिंतीवर ही मोठी फ्रेम :
'आमची काजूकरी यांनाही आवडली.'
आमची तर अजून यायचीय.
पण फ्रेमच्या डाव्या कडेला, ताटलीपाशी
एक कोपर दिसतं, हिरव्या बांगड्यांच्या वर.
घरी कुणीही पाहुणा आला
की विजयमाला त्याला जेवायला तिथंच नेते,
माझ्या पैशानं,
कोपर दाखवायला.