चार हजार टॉवेल

जर्मनीच्या उत्तरेचं ते गाव
मला ग्राफपेपरवर भेटलं,
दत्तनगरच्या आमच्या माडीवर, पंखा बंद,
कारण पंखा लावला की कागद उडायचा
आणि नाना ओरडायचे, पूल हलतोय, धर गं.

ऑर्डर चार हजार नगांची.
तिथल्या कालव्याला कसलीतरी वर्षं भरत होती,
घरटी एक टॉवेल वाटायचा म्हणे.
निळा, पांढरा. तिसरा रंग परवडत नव्हता.
पाकिटात सहा फोटो, आणि
गाजूल शेठच्या पुतण्यानं मराठीत करून दिलेलं
दीड पान.

दीड पानात तीनशे वर्षं मावली होती.
आधी मीठ आणि मासे,
मग एक अरुंद जुना कालवा, काठावरून घोडे होड्या ओढायचे.
मग बादशहा आला, दगडावर तीनदा हातोडा मारून गेला
आणि आठ वर्षं फावडी चालली.
मग पूल. लोखंडी, इतका उंच
की वर चढायला आगगाडीला
घरांभोवती अख्खी प्रदक्षिणा घालावी लागते.
पुलाखाली दोरांना टांगलेला एक पाळणा,
त्यात सायकली, म्हातारे, एखादं कुत्रं,
ह्या काठावरून त्या काठाला, त्या काठावरून ह्या.

नानांनी तिथं मला थांबवलं.
"म्हणजे धोटाच की."

मग म्हणाले, "फावडी कुणाची होती?"
मी पान उलटं केलं. मागे कोरं.
बादशहाचं नाव होतं, त्याच्या आगबोटीचंसुद्धा होतं.

एक चौकोन, एक लूप.
मी भरत गेले, ते मोजत गेले,
ओकटि, रेंडु, मूडु,
आकडे त्यांना तेलुगूतच चुकत नसत.
चर्चचा मनोरा एकशे बारा.
पुलाच्या कैच्या मोजताना दोनदा भांडण, एकदा उपमा.
पाण्यात काहीच भरायचं नव्हतं.
कालवा म्हणजे रिकामे चौकोन, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

त्याच रात्री अडीचला, पाचव्या दिवसाचं पाणी आलं.
आई खालून हाका मारत होती, बॅरल, घागरी, पातेली,
आणि नाना त्या कोऱ्या कालव्याकडे बघत बसलेले.
"एवढं पाणी त्यांच्याकडे," म्हणाले,
"आणि पुसायला टॉवेल आमचा."

पंचिंगला द्यायच्या आदल्या दिवशी
डाव्या कोपऱ्यात, धक्क्याच्या मागे
काहीतरी उभं राहिलेलं दिसलं मला.
दोन चौकोन रुंद, एकोणीस उंच.
सहा फोटोंत ते कुठेच नव्हतं.
"नाना, ही चिमणी कसली?"
चष्मा पुसत राहिले.
नरसय्या मदूर, जॉबर, रात्रपाळी, सोळा वर्षं.
त्या गिरणीच्या जागी आता फ्लॅट आहेत,
गेटवर वॉचमन, आत कारंजं.
"एवढी माणसं खणायला लागली
तर भोंगा कुणीतरी वाजवला असेलच की."

चिमणीच्या पायाशी एक टिंब होतं. एकच.
त्याचं मी विचारलं नाही.

सॅम्पल गेलं, पास झालं.
कुणाच्या लक्षात आलं नाही,
किंवा आलं आणि वाटलं, असेल आपलंच काहीतरी जुनं, पाडलेलं.
तिकडे कुठल्याशा न्हाणीघरात
आज सकाळीही कुणी तोंड पुसलं असेल
सोलापूरच्या चिमणीला.

एक नग सेकंडमध्ये निघाला, काठ उसवलेला.
तो घरी राहिला. नाना राहिले नाहीत, सहा वर्षं झाली.

परवा पाणी आलं तेव्हा बॅरल वाहिलं,
हाताला लागला तो टॉवेल मी फरशीवर टाकला.
पूल, पाळणा, मनोरा, सगळं चिंब.
कालव्यात पहिल्यांदाच पाणी.

मग दोरीवर, एप्रिलच्या उन्हात.
कालवा अर्ध्या तासात खडखडीत.
कोपऱ्यात लूप दाट पडलेत,
तेवढी चिमणी
दुपार कलली तरी हाताला गार लागत होती.