खाल्ल्या मिठाला

एकोणीस वर्षं मी त्यांची गाडी चालवली.
पर्थमध्ये रोज धुतलेली, काळी, लांब,
बार्लगिनला पोचेपर्यंत विटकरी.
क्लेम म्हण, असं पहिल्याच दिवशी बजावलं त्यांनी.
मी कधी म्हटलं नाही.

क्लेम ट्रेगेन्झा. पहिली निवडणूक एक्केचाळीस मतांनी,
त्यातली चार, तेच सांगत,
एका दफनाला जमलेल्या भावांची:
शवपेटी खाली ठेवली आणि हात न धुता
थेट मतपेटीकडे.

मागे बसायचे नाहीत. माझ्याशेजारी, बूट काढून,
मांडीवर भाषण, भाषणावर सँडविच,
काकडीच्या पाण्यानं आकडे फुगलेले.
वर्षाला दहा लाख एकर रान मोडायचं,
गहू पेरायचा, पोरांना नावावर जमीन द्यायची.
ऐन उन्हात लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे.
मीही बॉनेटला टेकून वाजवायचो.

तरुणपणी ते स्वतः होते साखळीवर.
दोन ट्रॅक्टर, मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी,
दोन शेजारणींनी चादर धरून ओढावी तशी
ओढत न्यायचे क्षितिजापर्यंत.
"झाडं ओरडत नाहीत रे लेन,
खाली बसतात फक्त.
पोपटांचा मात्र गोंधळ व्हायचा. संध्याकाळी
होती त्याच उंचीवर, हवेतच, घिरट्या घालायचे."

अकरा वर्षं शेतीखातं.
टोळ, ससे, लोकरीचे पडलेले भाव,
सत्तेचाळीस सायलोंच्या फिती.
कात्र्या घरी न्यायचे आठवण म्हणून.
मर्टलबाईंचा एक खण भरला होता.
म्हणायच्या, एकीनंही दोरा तुटत नाही.

खात्यातली ती बाई, एनिड कॉप,
चौसष्ट सालच्या ऑक्टोबरात
कृषी प्रदर्शनाहून आमच्या गाडीत बसली.
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या.
म्हणाली, जमिनीखालचं पाणी चढतंय,
वर्षाला वीतभर. झाडांनी धरून ठेवलं होतं ते.
"पाणी चढतंय?" ते मागे वळले.
"बाई, या राज्यात ही पहिल्या पानावरची बातमी!"
ते हसले. मी हसलो.
त्यानंतर दोनशे मैल
खड्ड्याखड्ड्याला नळ्याच तेवढ्या बोलत होत्या.

तिचा हिरव्या पुठ्ठ्याचा अहवाल
माझ्या गाडीच्या कप्प्यात राहिला.
कोऱ्या पानांवर मी
टायरच्या हवेचे आकडे लिहायचो.

मग सरकार पडलं. मग ते पडले,
यावेळी नऊशे मतांनी, म्हणजे त्यात गंमत नव्हती.
मर्टलबाई गेल्या. कात्र्यांचं काय झालं, ठाऊक नाही.

त्र्याऐंशीत फोन आला. माझी स्वतःची गाडी काढली.
"शेतावर चल," म्हणाले, "मुलगा सांगतो ते बघू."
शेवटच्या फाटकापाशी गाडी थांबवली.
खालच्या शेतात गव्हाच्या जागी चकाकतं काहीतरी,
तळ्यात उभी वाळलेली झाडं,
कुंपणाच्या खांबांनी घुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातलेले.
ते उतरले. सवयीनं बूट काढलेलेच होते.
बराच वेळ चालत राहिले आणि जमीन
पावलाखाली पापडासारखी मोडत राहिली.
वाकून बोट टेकवलं. जिभेवर ठेवलं.

"एक उकडलेलं अंडं हवं होतं," म्हणाले.

मी हसायला हवं होतं. एकोणीस वर्षांची नोकरी ती.

परतताना, बऱ्याच वेळानं:
"त्या बाईनं काही लिहून दिलं होतं का रे?
तुझ्याकडे होतं?"
अहवाल तिथंच होता, त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर,
एक गाडी विकून दुसरी घेताना
का कोण जाणे मी तो बरोबर आणला होता.
नाही, म्हणालो. आठवत नाही.
त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखी.

खाल्ल्या मिठाला जागलो, झालं.

त्या हिवाळ्यात गाडीतली चटई उचलली
तर खाली पत्र्याला गंज:
दोन पावलं, बोटांसकट,
शेजारच्या सीटपुढे.