मोजदाद

माझगावच्या प्रसूतिगृहात, जिन्याखाली,
धुतलेल्या चादरींच्या कपाटाला खेटून
अकरा वर्षं एक यंत्र घुरघुरत होतं.
अंगावर गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू,
आणि चिकटपट्टीखाली पासवर्ड.
आयांपासून ट्रस्टींपर्यंत सगळ्यांना एकच.

मला बोलावलं ते हे सगळं ढगात न्यायला.
"ढग म्हणजे कुठं?" मेट्रन तुस्कानोंनी विचारलं.
म्हटलं, मुंबईतच. इमारत कुठली ते मलाही सांगत नाहीत.
"मग ढग कशाला म्हणता? गोडाऊन म्हणा."

रात्री अकराला प्रत काढली.
दुसरी पाठवली दुसऱ्या शहरात,
इथं काही झालं तर तिथं असावी म्हणून.
मग एका कोऱ्या मशीनवर पहिली उघडून बघत बसले.
उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे नुसती समजूत.
मेट्रन स्टूल ओढून शेजारी बसल्या,
काळा चहा, बशीत पार्ले.
म्हणाल्या, एकदा स्वयंपाकघरात आग लागली तेव्हा
एकेका नर्सनं दोन-दोन पोरं उचलली
आणि खाली फुटपाथवर मांडून मोजली.
चौतीस. वहीत पस्तीस.
"पुन्हा मोजली. चौतीसच."
पस्तिसावं लिफ्टमनच्या शर्टात होतं, झोपलेलं.
तो बिचारा रांगेत उभाच होता,
त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दीड वाजता बाळांचा तक्ता अडला.
नव्या जागी नावाचा रकाना मी सक्तीचा ठेवलेला,
आणि दोन हजार एकशे सोळा ओळी
दारातच उभ्या राहिल्या. नाव नाही.
कसं असेल?
तिसऱ्या दिवशी घरी सोडतात, बारसं बाराव्या दिवशी.
पेढे द्यायला येतात काही जण, नाव सांगतात.
बाकीचे कुठल्या कुठल्या गावी, चाळीत, पुलाखाली,
नाव ठेवून मोकळे होतात.
धाकटे ट्रस्टी फोनवर म्हणाले, "अज्ञात टाका आणि उरका."
मेट्रननी चष्मा काढला.
"अज्ञात कसं? आई ठाऊक आहे की."
खरंच होतं. प्रत्येक ओळीत आईचा क्रमांक,
ज्याला आमच्या धंद्यात नातं म्हणतात
आणि जो तुटला तर त्या ओळीला अनाथ म्हणतात,
रजिस्टरात नव्हे, मॅन्युअलात तसं छापलेलं आहे.
मी सक्ती काढली.
नाव नसण्याची परवानगी दिली.
चाळीस सेकंदांत सगळी पलीकडे.

अडीचला रिसेप्शनचा फोन वाजला.
इक्बाल तुंगेकर पाच मिनिटं नुसता "हो साहेब, हो साहेब" करत होता.
कुणाची तरी बायको, ऑगस्टातलं बाळंतपण,
घर सोडून गेलीय, फॉर्मवर माहेरचा नवा पत्ता दिलाय म्हणे,
नवराच आहे मी तिचा, हक्कानं विचारतोय.
संध्याकाळीच मी पत्त्यांवर पडदा घातला होता.
"तारे दिसतायत साहेब," इक्बाल म्हणाला,
"नुसते तारे. आईशप्पथ."
फोन ठेवला. हात पँटला पुसले.
मग म्हणाला, गेल्या वर्षी असाच एकाला
मी दिला होता पत्ता.
पुढं काही बोलला नाही.
मीही विचारलं नाही.

पहाटे पावणेपाच. इकडे एकसष्ट हजार दोनशे आठ.
तिकडे एकसष्ट हजार दोनशे आठ.
"सगळी आली?"
आली.
"पुन्हा मोजा."
मोजली.

मग चिकटपट्टी खरवडली नखानं,
जुनं खातं बंद केलं, प्रत्येकाला आपापली किल्ली:
इक्बालला तारखा आणि खाटा, डॉक्टरांना रक्तगट,
पत्ते फक्त मेट्रनना,
आणि कोण कधी डोकावलं त्याची नोंद, तीही पुसता न येणारी.
शेवटी यादीत माझंच नाव उरलं.
तेही काढलं.
बघितलं तर मलाही तारे.

खाली आले. बंदरावर कुठलंसं जहाज भोंगा देत होतं.
टॅक्सी मिळेना. भायखळ्यापर्यंत चालत गेले,
बोटाला चिकटपट्टीचा डिंक,
निघता निघेना.