किल्ल्यांचा जुडगा

हॉगस्टॅड सरांच्या कमरेला एकतीस किल्ल्या.
मी मोजल्यात, नववीत असताना,
बस येईना म्हणून थंडीत उभ्या उभ्या.
एक जिमची, एक बर्फात बुडणाऱ्या शेडची,
एक कशाचीच नाही. ती ते काढत नाहीत.
"असू दे," म्हणतात, "कधीतरी कुलूप सापडेल."

उत्तर डकोटातल्या आमच्या गावात
धान्याचं कोठार सोडलं
तर सगळ्यात उंच मैदानावरचे दिव्यांचे खांब.
आयनार, माझा धाकटा भाऊ, चारशे मीटर धावतो.
मी घड्याळ धरते.
लोक त्याचे पाय बघतात.
मला दिसतं तिसऱ्या लेनमधलं डबकं,
पंचांना कुणी पाणी दिलं नाही ते,
आणि भलत्याच फाटकाशी उभी रुग्णवाहिका.

टेबलावर दोन लिफाफे, आठवडाभर.
थोरला विद्यापीठाचा, गुळगुळीत,
आतल्या फोटोत साठ हजार माणसं, सगळी लाल.
क्रीडा व्यवस्थापन, चार वर्षं.
दुसऱ्या वर्षापासून म्हणे काचेच्या खोलीत बसायचं,
तिकिटांचे आकडे बघत.
कर्जाचा आकडा वेगळ्या पानावर, बारीक अक्षरात.

धाकटा, नदीकाठच्या कॉलेजचा.
नऊशे मुलं. असा विषयच नाही तिथे.
"लेखाशास्त्र घे," विंटरबोअर बाई फोनवर म्हणाल्या,
"आणि दुपारनंतर माझ्या ऑफिसात ये.
टॉवेल धुशील, व्हॅन चालवशील,
खेळाडूंच्या पात्रतेचे अर्ज भरशील.
पगार नावापुरता."
मागे कुणीतरी भिंतीवर चेंडू आपटत होतं.
बाई मध्येच ओरडल्या, "भिंत नवी आहे!"

बाबा म्हणतात, खेळायचं नाही,
तर खेळाचं शिकायचं काय?
आई काहीच म्हणत नाही.
कर्जाचं पान फळांच्या टोपलीखाली सरकवते,
जरा वेळाने पुन्हा काढते.

सरांना विचारलं. ते चुन्याचं यंत्र ढकलत होते.
"मी सुतारकाम शिकवायचो," म्हणाले,
"एक दिवस कुणी म्हणालं, बसचं तू बघ.
तेव्हापासून बघतोय."
रेघ वाकडी गेली. त्यांनी बुटाने पुसली.
"मला नको विचारूस, सिग्ने. मी चुकून आलो."

त्याच आठवड्यात कपाट आवरताना
बसच्या वह्या निघाल्या, वीस वर्षांच्या.
बस एकच. फेऱ्या दोन.
आधी मुलं, चार वाजता.
मुली, बस परत आल्यावर.
कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. अक्षर सुबक.
दरवर्षी आदल्या वर्षीची वही समोर धरून
तेच पान उतरवलेलं.
बहुतेक पानांवर सरांचं अक्षर.
यंदाच्या पानावर माझं.

म्हणजे त्या थंडीत मी किल्ल्या मोजत होते,
आणि चार वर्षांनी तीच थंडी
मीच दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहून दिली होती,
खाली रेघ मारून, पट्टी लावून.

मी दोन्हीकडे फोन केला. एकच प्रश्न:
तुमच्याकडे बस कोण ठरवतं?
विद्यापीठात तीनदा फोन पुढे दिला गेला.
चौथा माणूस भला होता. "विचारून सांगतो," म्हणाला.
बाई म्हणाल्या, "मी. दर गुरुवारी.
आणि दर शुक्रवारी कुणीतरी चिडतं. का?"

नवं पान लिहिलं. एक आठवडा मुली आधी, एक आठवडा मुलं.
सर बराच वेळ बघत राहिले.
"ड्रायव्हरला सांगावं लागेल," एवढंच म्हणाले.

मंगळवारी वारा सुटला, एप्रिलातला, सुईसारखा.
मुलींची बस गेली.
कुंपणाशी मुलं उभी, हात काखेत,
त्यांत आयनार, ओठ निळे.
"हे तू केलंस?"
हो, म्हटलं.
कुणीतरी उभं राहणारच होतं.
आजवर ते लिहिणाऱ्याला
उभ्या माणसाचं तोंड दिसलं नव्हतं, इतकंच.
हे मी त्याला म्हणाले नाही. मोजे दिले.

रात्री तो जेवताना बोलला नाही.
बटाट्यांचं भांडं मात्र माझ्याकडे सरकवलं,
जरा जोरात.

भांडी उरकल्यावर धाकट्या लिफाफ्यातला फॉर्म घेतला.
विषय: लेखाशास्त्र.
इथेच का यावंसं वाटतं? याला दोन ओळींची जागा.
पहिलीवर लिहिलं, बस.
मग पेन टेकवून बसून राहिले,
आणि बाहेर वारा अजून
त्या रिकाम्या मैदानाला फेऱ्या घालत होता,
घड्याळ कुणीच धरलं नव्हतं.