माय माफी

चांदकीएवढी पांढरी चकती,
पोटाखाली दोन पितळी टाचा.
दोन्ही टाचांना एकच पाणी लागलं
की ती ओरडते,
आणि गेटाजवळच्या मुख्य नळीवरचा व्हॉल्व्ह
कुणाला न विचारता मान वळवतो.

सीबच्या त्या व्हिलात मी अशा अकरा बसवल्या.
सिंकखाली, हीटरखाली, वॉशिंग मशीनच्या मागं,
एक स्वयंपाकघरापलीकडच्या छोट्या खोलीच्या दारात,
जिथं पाइपाचा सांधा भिंतीतून वळतो.
अरबाब म्हणाला, लाकडी फरशी इटलीहून आणलीय,
थेंब पडता कामा नये.
मी म्हटलं, पडला तर तिकडं सलालात तुमचा फोन वाजेल
आणि इथं माझा.

माझा वाजला. जुलै, रात्रीचे दोन चाळीस.
लाल ठिपका: सेन्सर नऊ. पाणी.
खाली हिरव्या अक्षरांत: घरात कुणी नाही.

व्हॅनच्या काचेला बाहेरून घाम.
समुद्राकडून येणारा वारा
भाताच्या टोपावरचं झाकण काढल्यासारखा.
किल्ली माझ्याकडं होतीच.
आत अंधार, आणि बाहेरच्याहून जास्त उकाडा.
घर रिकामं झालं की एसी आपण होऊन बंद पडतो.
रिकामं म्हणजे काय
ते ॲप ठरवतं.

सेन्सर नऊजवळ ती उभी होती.
हातात प्लास्टिकचा मग, खांद्यावर ओली चादर.
वोर्कनेश. हे नाव नंतर कळलं.
टाइलवर पाण्याचा लांबट डाग,
माणूस आडवं होईल एवढाच.

सवयीनं मी आधी सांधा चाचपला.
कोरडा. वॉशर नवा.
गळत काहीच नव्हतं.

तिनं नळ फिरवून दाखवला.
एकदा खुळखुळला, मग तेही नाही.
नुसत्या संशयावरून
अख्ख्या घराचं पाणी तोडलं होतं माझ्या व्हॉल्व्हनं.
ती म्हणाली, "माय माफी."

इथं पाण्याला माय म्हणतात.
नाही, याला माफी.
आठ वर्षं ऐकतोय,
टँकरवाल्यांच्या तोंडून, कॅम्पच्या न्हाणीघरात,
कानाला घट्टे पडलेत.
त्या रात्री मात्र ते दोन शब्द
गुहागरच्या बाजूनं कानात शिरले.

मी व्हॉल्व्ह उघडला.
ती दोन पेले पाणी प्यायली, उभ्यानंच,
आणि लगबगीनं फरशी पुसायला बसली,
पुरावा पुसतात तशी.

तेवढ्यात अरबाबचा मेसेज: काय झालं?
त्याच्या नावाशेजारच्या फोटोत
धुकं, हिरवी टेकडी, छत्र्या घेतलेली मुलं.
रिपोर्टात कारणाला सहा चौकटी:
सांधा, वॉशर, नळी, टाकी, शेजार, इतर.
'इतर'ला वीस अक्षरांची जागा.
वोर्कनेश मावली असती तिच्यात,
पण मग तिला कुठं पाठवलं असतं?

मी लिहिलं,
गळती नाही. बंद घरात दमटपणा फार.
लाकूड फुगेल.
एसी सव्वीसवर ठेवावा, रात्रंदिवस.

मिनिटभरही लागलं नाही.
भिंतीत कुठंतरी घरघरलं,
दिवाणखान्याच्या जाळीतून गार झुळूक उतरली.
लाकडासाठी.

तिच्या खोलीला जाळीच नव्हती.
ती उशी घेऊन बाहेर आली,
लाकडापर्यंत आली, थांबली,
आणि अलीकडच्या शेवटच्या टाइलवर
पाय पोटाशी घेऊन निजली.

सेन्सर नऊ मी हातभर बाजूला सरकवला.
तिथं त्याला काही कळायचं नाही.
कामात खोट, तीही माझ्या सहीनं,
खिशावर शिवलेल्या नावानं: मुकादम.

गाडी सुरू करेपर्यंत फोनवर हिरवी अक्षरं:
घरात कुणी नाही. सगळं ठीक.
आणि लगेच दुसरा ठिपका, अझैबाहून.
तिथं मात्र
खराच पाइप फुटला होता.