लघुशंका

कसाईखान्यातून डबा येतो पावणेसातला.
झाकणावर खडूने आकडा: चार.
बर्फाच्या चुऱ्यात चार डुकरांची चार मूत्राशयं,
रिकामी, चुरगळलेली,
घाईत काढून फेकलेल्या मोज्यांसारखी.
वीट्स्के एक उचलते, उजेडाकडे धरते, म्हणते,
"हे घेऊ. पहाटे चारपर्यंत हे कामावर होतं."

नायमेखनच्या या तळमजल्यावर येऊन मला सात महिने झाले.
वाल नदी इथून दिसत नाही,
मालवाहू बोटींचा भोंगा तेवढा पोचतो,
आणि वीट्स्के मान न वळवता सांगते
बोट भरलेली की रिकामी.
जलद्वार राखणाऱ्याची मुलगी ती.

अस्तर सोलायचं. टाचण्यांनी ताणायचं.
काचेच्या दोन कप्प्यांमध्ये पडद्यासारखं बसवायचं,
सदतीस अंशांवर,
आणि एका बाजूने पाण्याचा दाब
केसभर, मग आणखी केसभर, वाढवत न्यायचा.
सगळ्यांत वरच्या थराला म्हणतात छत्री-पेशी.
मूत्राशय रिकामं असताना मिटलेल्या,
भरू लागलं की पसरतात,
आणि त्यांच्या कातडीतली इवलाली दारं
निव्वळ ओढ बसली म्हणून किलकिली होतात.
कॅल्शियम आत शिरतं.
मग पेशी बाहेर टाकते एटीपी,
म्हणजे तिचं इंधन, तिचा रोजचा घरखर्च.
शेजाऱ्याला उठवायला खडा सापडेना
म्हणून खिडकीतून स्वतःचीच नाणी फेकावीत, तसं.
शेजारी म्हणजे मज्जातंतूचं एक टोक,
अंधारात कान देऊन बसलेलं.

नाणी मोजायला काजव्याचं रसायन.
दिवे मालवतो. कप्प्यात उजेड पडलेला असतो,
पण तो यंत्राला दिसतो, आम्हाला नाही.
आम्हाला दिसते हिरवी रेघ,
आधी आडवी, कंटाळलेली,
मग एकदम उठून उभी.

"आमच्या भाषेत याला लघुशंका म्हणतात," मी म्हणालो.
"लहानशी शंका."
"कुणाला येते ती?"
मला सांगता येईना. पेशीला? तंतूला?
मास्तरांपुढे करंगळी वर करून
पाय आवळून उभ्या राहिलेल्या पोराला?
वीट्स्केने हातमोजा उलटा करून टोपलीत टाकला.
"बाबांना सांगते," म्हणाली. "आवडेल त्यांना."

तिचे बाबा, स्यूर्ड, ब्याऐंशी वर्षांचे.
एका रविवारी त्यांनी मला मडकं दाखवलं:
तोंडावर ताणून बांधलेलं मूत्राशय, मधोमध वेताची काडी.
ओल्या मुठीने काडी घासली
की मडकं डुकरासारखंच घुरघुरतं.
लहानपणी हे घेऊन दारोदार पैसे मागायचो, म्हणाले.
"मेल्यावरही बोलतंच ते.
तुम्ही आता पगार घेऊन बोलतं करता, एवढाच फरक."
आणि बोलता बोलता उठून गेले.
परत आले. थोड्या वेळाने पुन्हा गेले.
एकतीस वर्षं पट्टीवरची पातळी वाचून
दरवाजे उघडले त्यांनी, एकदाही अवेळी नाही.
आता पाणी नसतानाच घंटा वाजते.
रात्री पाच वेळा, कधी सहा.

शंका लहानशी, हे त्यांना सांगितल्यावर
ते खूप हसले, मग म्हणाले,
"दिवसा."

दवाखान्याने दिलेली त्यांची वही
वीट्स्के कधी कधी प्रयोगशाळेत आणते.
तीन रकाने छापलेले: वेळ, किती मिली, किती घाई.
चौथा त्यांनी स्वतः पट्टीने आखलाय,
कुणी मागितला नव्हता.
मी पान उलटतो. सरळ, दाबून लिहिलेलं अक्षर,
जुन्या नोंदवहीतलं:
एक पन्नास. साठ. खूप. वारा पश्चिम.
तीन दहा. चाळीस. खूप. वारा वायव्य, पडलेला.
चार पंचवीस. काही नाही.
नुसताच उभा होतो. धुकं.